दिव्यांगत्वाची टक्केवारी आणि शासकीय साहाय्याची पात्रता

शासकीय साहाय्यास कोण पात्र आहे हे ठरविताना दिव्यांगत्वाविषयी दोन भिन्न प्रश्न उपस्थित होतात. शरीराची वा इंद्रियाची हानी किती झाली, हा पहिला प्रश्न. त्या हानीमुळे मनुष्य उपजीविकेस कितपत असमर्थ झाला, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर वैद्यकीय तपासणीतून मिळते. दुसऱ्यासाठी त्या मनुष्याचा व्यवसाय, वय व शिक्षण यांचाही विचार करावा लागतो. भारतीय कायद्यात हे दोन्ही प्रश्न आहेत. पण ते निरनिराळ्या ठिकाणी विचारले जातात.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याची मूळ व्याख्या व्यापक आहे. शारीरिक वा मानसिक उणीव आणि समाजातील अडथळे यांच्या संयोगाने ज्याच्या सहभागास बाध येतो, तो दिव्यांग होय. परंतु आरक्षणादी विशेष लाभ ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ असलेल्यांनाच मिळतात, आणि त्यासाठी परिशिष्टातील २१ प्रकारांपैकी एखाद्याचे प्रमाण सामान्यतः किमान ४० टक्के असावे लागते. हे प्रमाण प्राधिकृत वैद्यकीय अधिकारी शासनाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ठरवितात. निर्णय मान्य नसल्यास अपील करता येते. एका डोळ्याची दृष्टी सर्वस्वी गेली व दुसरा डोळा निर्दोष राहिला, तर हानी ३० टक्के धरली जाते. असा मनुष्य मर्यादेच्या खालीच राहतो.

एकाहून अधिक उणिवा असल्यास त्यांची साधी बेरीज करीत नाहीत. मोठी टक्केवारी ‘अ’ व लहान ‘ब’ मानल्यास, २०१८ च्या तत्त्वांनुसार एकत्रित प्रमाण अ + ब (९० − अ) ÷ ९० असे येते. ६० व ३० टक्के अशा दोन उणिवांची बेरीज ९० होते. परंतु या सूत्राने एकत्रित प्रमाण ७० च येते. हा फरक केवळ गणिती नाही. २००९ मध्ये सुरू झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेत दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीस ८० टक्के दिव्यांगत्वाची अट आहे. ७० टक्के असलेला मनुष्य काहीही मिळवू शकत नसला, तरी तो या योजनेबाहेर राहतो.

दुसरा प्रश्न कामगारविषयक कायद्याने फार पूर्वीच विचारला होता. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमात विशिष्ट अवयवहानीमुळे कमाईची शक्ती किती टक्के घटते याचे परिशिष्ट होते. त्याबरोबरच, अपघातसमयी कामगार जी कामे करू शकत होता ती सर्व करण्यास तो असमर्थ झाला, तर ती पूर्ण असमर्थता मानावी, अशी व्याख्याही होती. पुढे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही हे तत्त्व स्वीकारले गेले. १९६८ मध्ये ओरिसातील एका चित्रपटगृहात काम करताना एक सुतार पडला व त्याचा डावा हात कोपरापासून कापावा लागला. हानी आंशिकच आहे, असा मालकाचा युक्तिवाद होता. सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून ही असमर्थता पूर्ण आहे, असा निर्णय १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. तोच हात एखाद्या लेखनिकाचा असता, तर निर्णय कदाचित निराळा झाला असता.

टक्केवारीचे गुण नाकारता येत नाहीत. तिच्यामुळे निर्णयात एकरूपता येते, आणि अधिकाऱ्याच्या मर्जीस वाव कमी राहतो. दोष उत्पन्न होतो तो एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नासाठी वापरल्यामुळे. लेखनात अडचण येणाऱ्या एका परीक्षार्थीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हाच भेद स्पष्ट केला. ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांपुरती आहे. परीक्षेत लेखनिक मिळण्याचा हक्क तिच्यावर अवलंबून नाही, असे न्यायालयाने ठरविले. निवृत्तिवेतनाचा हेतू उपजीविकेचा आधार देणे हा आहे. तेथे अवयवाच्या मोजमापाबरोबर उपजीविकेचाही विचार व्हावा, हे या भेदातून ओघानेच येते. तो होत नाही तोवर ७९ आणि ८० यांमधील एका टक्क्यावर एखाद्या कुटुंबाचे अन्न अवलंबून राहील.