बाबांचं कालनिर्णय आणि पाच युनिटची टाकी

मागच्या वर्षीच्या जुलैमधली गोष्ट. रात्री पावणेबाराला लाईट गेली. बेळगावात पावसाळ्यात लाईट जाणं ही काही बातमी नव्हे. इन्व्हर्टर सुरू झाला, पंखे फिरत राहिले, मी कूस बदलून झोपलो. एक वाजून वीस मिनिटांनी बाबांच्या खोलीतून अलार्म वाजायला लागला. इन्व्हर्टरची बॅटरी संपली होती आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर बंद पडला होता.

बाबांना सीओपीडी आहे. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत तीस वर्षं मोल्डिंग सुपरवायझर होते. डॉक्टरांनी दिवसाला किमान पंधरा तास ऑक्सिजन सांगितलाय, आणि त्यातली सगळी रात्र आलीच. खोलीच्या कोपऱ्यात अडीनडीला म्हणून छोटा सिलिंडर ठेवलेला होता. फक्त तो उघडायची चावी जागेवर नव्हती. मोबाईलच्या उजेडात मी, आई आणि बायको, तिघं कपाटं उपसत होतो. बाबा पलंगावर पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसले होते. एक शब्द बोलत नव्हते. चावी शिवणाच्या डब्यात सापडली. त्यात अकरा मिनिटं गेली.

दुसऱ्या दिवशी चावी सुतळीनं सिलिंडरलाच बांधली आणि बॅटरीच्या शोधाला लागलो. त्या शोधात मी केलेल्या चुका आणि मांडलेली गणितं इथं लिहितोय. आपल्यापैकी बऱ्याच घरांत आता आई-वडिलांचं वय वाढतंय आणि छतावर सोलर घ्यायचा विचारही चालू आहे, म्हणून.

पहिला गैरसमज: सोलर आहे म्हणजे लाईट आहे

आमच्या गल्लीत एका काकांच्या छतावर तीन किलोवॅटचे पॅनेल आहेत. मला वाटायचं, लाईट गेली तरी यांचं घर चालू राहत असणार. विचारलं तर ते हसले. "कुठलं रे! लाईट गेली की आमचं सोलर पण झोपतंय."

त्याला कारण आहे. साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर बाहेरची वीज गेली की स्वतःला बंद करतो. तसं केलं नाही तर छतावरची वीज तारांमध्ये उतरेल आणि खांबावर चढलेल्या लाईनमनच्या जिवावर बेतेल. लाईट गेल्यावरही घर चालू हवं असेल तर बॅटरी लागते, आणि घराला तेवढ्यापुरतं बाहेरच्या लाईनपासून तोडून चालवणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. नुसते पॅनेल बिल कमी करतात, अंधार नाही.

दुसरा गैरसमज: मोठा आकडा म्हणजे मोठी बॅटरी

मी तीन दुकानांतून कोटेशन आणली. एकानं व्हीए सांगितले, दुसऱ्यानं अँपिअर-अवर, तिसऱ्यानं किलोवॅट. कोडिंग करून पोट भरणारा माणूस मी, तरी दोन दिवस गोंधळलो. शेवटी आमच्याच गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीनं सोडवलं. शहरातल्या काही वॉर्डांत चोवीस तास पाणी आहे, आमच्याकडे नाही. त्यामुळे टाकीचा हिशेब आम्हाला कुणी शिकवावा लागत नाही.

किलोवॅट म्हणजे नळाची तोटी: एका वेळी किती धार येईल. किलोवॅट-अवर, म्हणजे आपल्या बिलातलं युनिट, ही टाकी: एकूण किती साठलंय. इन्व्हर्टर घेताना तोटी बघायची, बॅटरी घेताना टाकी. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर भागिले हजार केलं की युनिट मिळतात. आमची जुनी बॅटरी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर, म्हणजे कागदावर १.८ युनिट. पण लेड-अ‍ॅसिड बॅटरी पार तळापर्यंत उपसली तर लवकर मरते. अर्धीच वापरायची असं धरलं तर हातात ०.९ युनिट. त्या रात्री कॉन्सन्ट्रेटर आणि तीन जुने पंखे मिळून साडेपाचशे वॅटच्या पुढे ओढत होते. चार वर्षांची बॅटरी दीड तास टिकली हेच नशीब.

बाबांचं रजिस्टर

मग प्रश्न आला, टाकी किती मोठी? त्यासाठी लाईट किती वेळा आणि किती वेळ जाते हे कळायला हवं. मी वीज कंपनीचे मेसेज शोधले, राउटरचा लॉग बघितला, अर्धवट काहीतरी मिळालं. हे सगळं मी जेवताना आईला सांगत होतो. आई म्हणाली, "त्यांच्या कालनिर्णयात बघ की."

बाबा फाउंड्रीत भट्टीच्या प्रत्येक हीटची वेळ रजिस्टरमध्ये लिहायचे. ती सवय गेली नाही. दुधाच्या आणि गॅसच्या नोंदींशेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: "ला. गे. १.१०, आ. १.४५." "ला. गे. २.३०, आ. ४.०५." जून ते सप्टेंबरची पानं मी एक्सेलमध्ये भरली. एकतीस नोंदी. बहुतेक पाऊण तासाच्या आतल्या. पण चार नोंदी तीन तासांच्या वर, आणि एक पावणेसात तासांची.

भरता भरता थांबलो. एकतीसपैकी अठरा नोंदी रात्री अकरा ते पहाटे पाचमधल्या होत्या. लाईट गेल्याची वेळ होती, आल्याचीही होती. म्हणजे मधला सगळा वेळ बाबा जागे होते. इन्व्हर्टर टिकतो की नाही हे बघत बसलेले असायचे, आणि एकदाही त्यांनी कुणाला उठवलं नव्हतं.

विचारलं तर म्हणाले, "तुला सकाळी मीटिंग असतंय. आणि उठून तू काय करणार होतास?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आमच्या कामात सर्व्हरची क्षमता सरासरी दिवसावर ठरवत नाहीत, सगळ्यात गर्दीच्या दिवसावर ठरवतात. सरासरी काढली असती तर छोटी बॅटरी पुरली असती. मी पावणेसात तासांची रात्र धरली.

टिकलंच पाहिजे असं काय काय

चारशे रुपयांचा एक प्लग-मीटर आणला आणि प्रत्येक वस्तू मोजली. कॉन्सन्ट्रेटर ३४० वॅट. पंखे पंचाहत्तरचे होते, ते बदलून तीस वॅटचे बीएलडीसी घेतले. दोन मिळून ६०. दोन एलईडी दिवे २०, राउटर १०. फ्रिज थांबत-थांबत चालतो, त्याची सरासरी ५०. एकूण ४८० वॅट. सात तासांचे झाले ३.४ युनिट.

गिझर, पंप, इस्त्री आणि मिक्सर या यादीत नाहीत. वायरमनला सांगून दोन वेगळे डीबी करून घेतले: एक बॅटरीवर चालणारा, एक नाही. नाहीतर घाईत कुणीतरी पंप लावतो, मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते आणि सगळंच बसतं.

आता पर्याय दोन. लेड-अ‍ॅसिड ही १८५९ सालची जुनीजाणती, ओळखीची, कुठंही दुरुस्त होणारी, मोडीलाही किंमत येणारी. १५० अँपिअर-अवरच्या चार ट्युब्युलर घेतल्या तर ७.२ युनिट, निम्मे वापरायचे, त्यात इन्व्हर्टरची गळती, हातात तीनच्या आसपास. म्हणजे थोड्या कमीच पडल्या. शिवाय डिस्टिल्ड वॉटर घालत राहायचं, चार्ज होताना हायड्रोजन निघतो म्हणून हवेशीर जागा हवी, आणि पूर्ण भरायला दहा-बारा तास. पावसाळ्यात एका रात्री दोनदा लाईट गेली की दुसऱ्या वेळी टाकी अर्धी.

दुसरी लिथियम आयर्न फॉस्फेट, जिला दुकानदार एलएफपी म्हणतात. ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर, म्हणजे ५.१ युनिट. नव्वद टक्के वापरता येते. गळती जाऊन ४.१ युनिट हातात. दोन-तीन तासांत भरते. मोबाईलमधल्या लिथियमपेक्षा हिची रसायनं जास्त शांत, सहजी पेट घेत नाहीत. तरी जिन्याखाली, उन्हात किंवा देवघराच्या समईजवळ ठेवायची नाही. आत बीएमएस नावाचा छोटा मेंदू असतो, तो प्रत्येक सेलवर लक्ष ठेवतो. तो दर्जेदार नसेल तर सेल कितीही चांगले असून उपयोग नाही.

चार ट्युब्युलरचे साठ हजार, एका एलएफपीचे सव्वा लाख. पण ट्युब्युलर चार-पाच वर्षांत बदलाव्या लागतात, एलएफपीची वॉरंटी दहा वर्षांची मिळाली. दहा वर्षांत हिशेब जवळजवळ बरोबरीला येतो. तेव्हा क्षमता ऐंशी टक्क्यांवर उतरली तरी सव्वातीन युनिट उरतात, म्हणजे आमची ती लांबलचक रात्र जेमतेम निघते.

हे आमचं गणित. तुमच्या घरी दोन पंखे आणि चार दिवे तासभर चालले की काम भागत असेल, तर एक साधी ट्युब्युलर पुरे. लाख रुपये घालू नका.

पैसे कोण वसूल करतंय?

इथं मी सर्वात जास्त घोळ घातला. पॅनेल आणि बॅटरी दोन्हींचा खर्च एकत्र धरून "किती वर्षांत वसूल" ते काढत बसलो आणि उत्तर काही पटेना. दोन्ही निर्णय वेगळे आहेत हे उशिरा कळलं.

कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती योजना आहे. पात्र घराला आधीच्या सरासरीवर दहा टक्के धरून, जास्तीत जास्त २०० युनिटपर्यंत वीज मोफत. आमचा वापर १२० च्या आसपास, बिल शून्य. पण कॉन्सन्ट्रेटर दिवसाला सोळा तास चालला की महिन्याला १६० च्या वर युनिट वाढतात. दोनशे ओलांडले की सगळंच बिल भरायचं. म्हणजे आमच्या घराला पॅनेलचा फायदा खरोखर होता. पीएम सूर्य घर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये अनुदान मिळतं. आम्ही दोन किलोवॅट घेतले, ६०,००० सुटले. उरलेली रक्कम चार-पाच वर्षांत बिलातून निघेल.

बॅटरीला यातला एक रुपया अनुदान नाही, आणि ती कधीच वसूल होणार नाही. विम्याचा हप्ता वसूल होतो काय? तसंच ते.

बाबांना हे पटेना. "माझ्या श्वासाला दोन लाख? त्यापेक्षा पोरीच्या शाळेचं बघ." मी फ्रिजचं, वर्क फ्रॉम होमचं कारण पुढे केलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "खोटं बोलायला येत नाही तुला. हिशेबाचा कागद दे इकडं." चष्मा लावून तासभर बघितला. फ्रिजची सरासरी मी कमी धरली होती, ती त्यांनी दुरुस्त करून घेतली. मग म्हणाले, "आधी बॅटरी बसव. पॅनेल थंडीत. पावसात ते काय देणार?"

बरोबर होतं. बॅटरीला पॅनेलच हवेत असं नाही, ती घरच्या विजेवरही भरते. ऑक्टोबरमध्ये हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी बसवली, फेब्रुवारीत पॅनेल. मार्चमध्ये दिवसाला आठ युनिट येत होते. या जुलैत काही दिवस दोनसुद्धा आले नाहीत. लाईट सगळ्यात जास्त जाते तेव्हाच सूर्य सगळ्यात कमी देतो. त्यामुळे २०१९ च्या ऑगस्टसारखा पूर आला, तीन दिवस वीज गेली, तर आमची टाकी पुरणार नाही. म्हणून सिलिंडर कोपऱ्यातच आहे, आता मोठा, बी-टाइप. पंधराशे लिटर, मिनिटाला दोन लिटरनं बारा तास. चावी सुतळीला.

घेण्याआधी दुकानदाराला विचारा

प्रत्यक्ष वापरता येणारे युनिट किती? इन्व्हर्टर एका वेळी सलग किती वॅट देतो, आणि त्याची वीज प्युअर साइन वेव्ह आहे ना? वैद्यकीय उपकरणाला तीच लागते. लाईट गेलेली असताना पॅनेल बॅटरी भरतात का? वॉरंटी किती वर्षांची, आणि शेवटी किती क्षमता उरेल असं लेखी देता? सर्व्हिसला माणूस गावातला की बंगळुरूहून येणार? अर्थिंग तपासून देणार का? आम्हाला तीनपैकी एकानंच सगळी उत्तरं कागदावर दिली. त्याचं कोटेशन सर्वात स्वस्त नव्हतं.

परवा जुलै संपला, म्हणून कालनिर्णयाचं पान उलटताना सहज बघितलं. दूध होतं, गॅस होता, औषधांच्या तारखा होत्या. लाईटच्या दोन नोंदी, दोन्ही दुपारच्या. मग मोबाईलवर इन्व्हर्टरचं ॲप उघडलं. त्यात त्याच महिन्यातल्या रात्रीच्या नऊ नोंदी होत्या. एक तीन तास दहा मिनिटांची.

मी बाबांना ते दाखवलं नाही. रजिस्टर अपुरं राहिलं म्हणून त्यांना रुखरुख लागली असती.