लाँच धरा, उरण गाठा!

बेटावरचं गाव बघायला सिसिली नाहीतर माल्टा गाठायचं, हा झाला पैसेवाल्यांचा छंद. आपल्याला भाऊचा धक्का पुरे. तिथून उरणच्या मोरा बंदराची लाँच धरली की साधारण तासाभरात उरण, तेही व्हिसाशिवाय.

उरण हे बेट होतं, हे आता शाळेतल्या उरणकर पोरांनाही सांगावं लागतं. इंग्रजांच्या दप्तरात ते ‘करंजा’. १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी आणि घारापुरीबरोबर हेही मराठ्यांकडून रीतसर कंपनीकडे गेलं. पुढे मधल्या खाड्या आणि खाजणं भरावाखाली गेली, बेट जमिनीला चिकटलं. तरी मोरा बंदराचा स्टेशनमास्तर आजही समुद्रच!

कसा, ते बघा. बंदराजवळ गाळ इतका साचतो की पाणी फार उतरलं की लाँच धक्क्याला लागत नाही आणि फेऱ्या थांबतात. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती मुंबईत दुपारी बाराच्या आसपास येते, म्हणजे ओहोटीचा तळ सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमाराला. नेमकी नोकरदारांच्या जाण्यायेण्याची वेळ! त्यामुळे इथला नेहमीचा प्रवासी घड्याळाआधी तिथी बघतो. गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद होतात, मोऱ्याची मात्र पावसातही चालते. तिकीट तेवढं वाढतं. मोऱ्याच्या रो-रो सेवेचं म्हणाल, तर ती वर्षानुवर्षं ‘येतेय’. तिच्या भरवशावर मी तरी बेत आखणार नाही.

लाँचमध्ये डावीकडची जागा पकडा. आधी जवाहर द्वीप दिसतं, जुन्या लोकांचं ‘बुचर’. इथे टँकरमधून कच्चं तेल उतरवतात. मग घारापुरीचा डोंगर आणि त्यामागे जेएनपीटीच्या क्रेन. हे बंदर सुरू झालं १९८९ मध्ये.

घारापुरी उरण तालुक्यातच येते, आणि गंमत म्हणजे तिथेही एक मोराबंदर आहे! शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या बेटावरच्या तीन वस्त्या. तेव्हा बोटीत बसण्याआधी कुठला मोरा ते नीट विचारा. जगभरचे पर्यटक इथली लेणी बघून जात होते, १९८७ मध्ये युनेस्कोचा शिक्काही बसला, पण गावात नियमित वीज आली थेट २०१८ मध्ये, समुद्राखालून केबल टाकून. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ केलं, तो तर बेटावर नाहीच. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. सांधलेला हत्ती आता भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे.

आता एक झिंग आणणारी गोष्ट. एकोणिसाव्या शतकात उरण दारूसाठी नावाजलेलं होतं. पारशी मालकांच्या भट्ट्या, गुजरातेतून येणारी मोहाची फुलं आणि समोर तहानलेली मुंबई! सरकारला या दारूचा महसूल इतका प्यारा, की ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत लोकांनी घरी मोहाची फुलं ठेवण्यावरच १८९२ मध्ये कायद्याने बंधन आणलं. घरी गाळली तर सरकारी तिजोरीचं काय व्हायचं?

उरणच्या डोक्यावरचा डोंगर द्रोणागिरी. हनुमान संजीवनीचा पर्वत घेऊन निघाला तेव्हा त्यातला एक तुकडा इथे पडला, अशी आख्यायिका. वर किल्ल्याचे अवशेष, खाली ओएनजीसीचा प्रकल्प. बॉम्बे हायचं तेल आणि वायू इथे येतात. मोरा-करंजाच्या बाजूला नौदलाची हद्द आहे, तिथे मोबाइल खिशातच ठेवा.

करंजा गावात गेलात तर दोरीवर टांगलेले बोंबील वासानेच सापडतील. सुके घ्याल तर दोन पिशव्यांत बांधून घ्या, लोकलमधले शेजारी दुवा देतील.

हो, लोकल! १२ जानेवारी २०२४ या एकाच दिवशी अटल सेतूचंही उद्घाटन झालं आणि उरणपर्यंतच्या रेल्वेचंही. नेरूळ किंवा बेलापूरहून आता थेट गाडी मिळते. सोयीची आहे, नाही कोण म्हणतो? पण पहिल्यांदाच जात असाल तर जाताना लाँच आणि येताना लोकल, हाच क्रम ठेवा.