छडीवाचूनची शिस्त
शाळेतील शारीरिक शिक्षेस २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मनाई केली. हैदराबादच्या विद्यानगरातील शाळा असो वा दापोलीतील, नियम एकच. पण छडी गेल्यावर शिस्त यावयाची कशी? दापोलीजवळच्या पालगडचे साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. वसतिगृहातील मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या ते न रागावता स्वतः आवरीत, मळके कपडे धुऊन ठेवीत. मुले ओशाळत व आपणहून टापटीप राहू लागत. आम्हांस हा भाबडेपणा वाटत नाही. ज्याचा जिव्हाळा लाभला त्याचे मन मोडण्यास मूल सहसा धजत नाही. मात्र त्यासाठी शिक्षकास प्रत्येक मूल ओळखता आले पाहिजे. प्राथमिक शाळेत तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाणही त्याच कायद्यातले. सरकारने आधी ते पाळावे, मग शिक्षकांस गुरुजींचा दाखला द्यावा.