आमवाताचा रुग्ण आणि संधिवाततज्ज्ञ

सांधेदुखीचा रुग्ण आपल्या चिकित्सालयात येतो तेव्हा त्याची बरीच फिरस्ती झालेली असते. शेजाऱ्याने सुचविलेले तेल, चिठ्ठीविना आणलेली वेदनाशामके आणि हाडांच्या डॉक्टरांनी काढविलेले क्ष-किरण चित्र एवढी शिदोरी त्याच्याजवळ असते. संधिवाततज्ज्ञ, म्हणजेच ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, या फिरस्तीत क्वचितच भेटलेला असतो. अस्थिरोगतज्ज्ञ हा मूलतः शल्यचिकित्सक. संधिवाततज्ज्ञ हा कायचिकित्सक. प्रतिकारशक्तीच्या विकृतीमुळे सांधे, स्नायू व अस्थी यांत उद्भवणाऱ्या शोथाची चिकित्सा तो औषधांनी करतो. हा भेद रुग्णास ठाऊक नसतो आणि आपणही तो सहसा सांगत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या हातून एक चूक घडली. पस्तिशीच्या एका भगिनीची दोन्ही हातांची बोटे व मनगटे सकाळी तासभर आखडत. केवळ वातप्रकोप मानून आम्ही अभ्यंग दिला. माधवनिदानात आमवात स्वतंत्र व्याधी म्हणून वर्णिला आहे आणि सामावस्थेत अभ्यंग टाळावा, हे विद्यार्थिदशेत घोकलेले असूनही! शोथ वाढला, तेव्हा वालुकास्वेद व सिंहनाद गुग्गुळ योजले. वेदना उतरली, आम्ही समाधान मानले. आठ महिन्यांनी काढलेल्या चित्रात मनगटाच्या अस्थी कडेने कुरतडल्यासारख्या दिसल्या. वेदना शमली होती. व्याधी आतून चालूच होती. अशी हानी सहसा भरून येत नाही.

संधिवाततज्ज्ञाचे साहाय्य नेमके येथे होते. रुग्णास बरे वाटते किंवा नाही, एवढ्यावर तो थांबत नाही. दुखरे व सुजलेले सांधे तो मोजतो, रक्तातील ईएसआर व सीआरपी पाहतो, ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर व अँटी-सीसीपी तपासतो. (पहिली चाचणी नकारात्मक आली म्हणून व्याधी नाही, असे मानू नये.) व्याधी सक्रिय असेतो दर एक ते तीन महिन्यांनी पुन्हा मोजून औषध वाढवितो वा बदलतो. युरोपीय तज्ज्ञसंघटनेच्या 2016 सालच्या शिफारशींनुसार अशा रुग्णाने लक्षणारंभापासून 6 आठवड्यांत तज्ज्ञास भेटावे आणि 3 महिन्यांच्या आत व्याधीची गती रोखणारे औषध सुरू व्हावे. आपल्या रुग्णांचे तर तीन महिने तेल चोळण्यातच जातात.

प्रत्येक संधिशूल तिकडे पाठविण्याचे कारण नाही. वार्धक्यातील गुडघ्याचा संधिगतवात आपण उत्तम सांभाळतो. परंतु अर्ध्या तासाहून अधिक टिकणारा प्रातःकालीन ताठरपणा, बोटांच्या मुळाशी सूज आणि तेथे हात आडवा दाबल्यास होणारी वेदना ही चिन्हे दिसल्यास विलंब करू नये. तरुणाची कंबर विश्रांतीने अधिक दुखत असेल, हालचालीने मोकळी होत असेल आणि असे तीन महिन्यांहून अधिक काळ चालू असेल, तर त्यासही पाठवावे.

औषधालयचालकांसाठी थोडे अधिक. आमवातात तज्ज्ञ बहुधा प्रथम मेथोट्रेक्झेट देतात. ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास अस्थिमज्जा निकामी होऊन मृत्यू ओढवू शकतो. म्हणून पाकिटावर वार ठळक लिहावा. त्याच रुग्णास को-ट्रायमोक्साझोल लिहून आलेले दिसल्यास गोळी देण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे. गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रीने हे औषध घेऊ नये. नियमित यकृत व रक्तपेशींची तपासणी आवश्यक असते. म्हणून आपण काढे वा रसौषधी देत असू, तर त्यांची यादी तज्ज्ञास पाठविण्यात संकोच नको.

स्टिरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेणारा रुग्ण ‘आता त्या बंद करू का?’ असे आपल्यालाच विचारतो. त्या एकाएकी बंद करणे प्राणघातक ठरू शकते. मात्रा तज्ज्ञानेच हळूहळू उतरवावी. दोन दिवसांत सांधे मोकळे करणाऱ्या बिननावाच्या पुड्यांतही बहुधा हेच द्रव्य असल्याची शंका घ्यावी. अशी पुडी घेणाऱ्या रुग्णासही ‘आजच सोडा’ असे सांगू नये.

त्या भगिनी आजही आमच्याकडे पथ्यापथ्य विचारण्यास येतात. रविवारची गोळी चुकवीत नाहीत, सूज नाही. उजवे मनगट मात्र पुरते वाकत नाही. पोळ्या लाटण्यासाठी त्यांनी डाव्या हातावर भार देण्याची सवय करून घेतली आहे.