कर्णरक्षक

कुस्ती व इतर द्वंद्वखेळांत खेळाडूच्या बाह्यकर्णास इजा होऊ नये म्हणून डोक्यावर बांधावयाचे संरक्षक साधन. शिरस्त्राणाप्रमाणे संपूर्ण डोके झाकणे हा त्याचा हेतू नसून, केवळ दोन्ही कानांच्या पाळ्यांवर येणारे घर्षण व आघात झेलणे हे त्याचे कार्य होय. मल्लांच्या कानांना येणारी कायमची विकृती त्यामुळे पुष्कळ अंशी टळते.

इजेचे स्वरूप : बाह्यकर्णाचा आकार आतील लवचिक कूर्चेमुळे टिकून राहतो. या कूर्चेत स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिला चिकटून असलेल्या पातळ आवरणाकडून तिचे पोषण होते. खडाखडीत डोक्याला डोके घासणे, मानेवर रद्दा बसणे, पट काढताना प्रतिस्पर्ध्याच्या मांडीवर कान दाबला जाणे किंवा खाली आल्यावर तो माती अथवा गादीवर रगडला जाणे, अशा प्रसंगी कूर्चा व तिचे आवरण एकमेकांपासून सुटतात आणि मधल्या पोकळीत रक्त साचते. यास रक्तगुल्म म्हणतात. कानाच्या पुढील बाजूस कातडी कूर्चेला घट्ट चिकटलेली असल्याने हा फुगवटा बहुधा त्याच बाजूस दिसतो. पाळीच्या खालच्या लोंबत्या भागात कूर्चा नसल्याने तेथे ही विकृती येत नाही.

साचलेले रक्त वेळीच काढले नाही, तर आवरणापासून तुटलेली कूर्चा पोषणाअभावी झिजते व तिच्या जागी तंतुमय ऊतक आणि नवी, वेडीवाकडी कूर्चा तयार होते. कान जाड, कठीण व गोळा झाल्यासारखा दिसू लागतो. पाश्चात्त्य देशांत या विकृतीस फुलकोबीची उपमा देतात. आपल्याकडे ‘मोडलेला कान’ ही पैलवानाची ओळखच समजली जाते. विकृती फार वाढल्यास कर्णनलिकेचे तोंड अरुंद होते, मळ साचतो आणि ऐकू येण्यात अडथळा येऊ शकतो.

इतिहास : ही इजा कुस्तीइतकीच प्राचीन आहे. ग्रीक मुष्टियोद्ध्यांच्या व मल्लांच्या शिल्पांत सुजलेले, मोडलेले कान स्पष्ट कोरलेले आढळतात. रोम येथील संग्रहालयातील ‘विसावलेला मुष्टियोद्धा’ हा ब्राँझचा पुतळा त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. स्पार्टाचे अनुकरण करणाऱ्यांच्या मोडक्या कानांचा उल्लेख प्लेटोच्या संवादांत येतो. सरावाच्या वेळी कानांवर बांधावयाची आवरणेही ग्रीकांना ठाऊक होती. आधुनिक काळात अमेरिकेतील शालेय व महाविद्यालयीन कुस्तीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कर्णरक्षक वापरण्याची सक्ती रूढ झाली. तेथील महाविद्यालयीन मल्लांच्या १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, कर्णरक्षक न वापरता खेळणाऱ्यांत रक्तगुल्माचे प्रमाण वापरणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळले. साधन उपयुक्त आहे, पण इजा सर्वस्वी टाळत नाही, असे दोन्ही निष्कर्ष त्यातून निघतात.

रचना : कर्णरक्षकाचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात कठीण प्लॅस्टिकच्या दोन वाट्या असून त्यांना आतून मऊ फेसाळ पदार्थाचे अस्तर असते. वाटीचा काठ कानाभोवतालच्या हाडावर टेकतो, त्यामुळे दाब कानावर न पडता कवटीवर विभागला जातो. ऐकू यावे म्हणून वाटीस छिद्रे ठेवलेली असतात. दुसऱ्या प्रकारात कठीण भाग नसून संपूर्ण साधन मऊ, जाड व लवचिक थरांचे असते. दोन्ही प्रकारांत डोक्यावरून, मागून व हनुवटीखालून जाणारे पट्टे असतात. पट्टे सैल राहिल्यास साधन सरकते आणि त्याचा काठच कानाला घासतो. फार आवळल्यास डोके दुखते. आंतरराष्ट्रीय कुस्तीत कर्णरक्षक ऐच्छिक असून त्यात धातूचा किंवा कठीण भाग चालत नाही. प्रतिस्पर्ध्याचे कान ओढणे नियमबाह्य असले, तरी नियमात बसणाऱ्या पकडींनीही कान रगडला जातोच.

इतर खेळ : मुष्टियुद्धातील शिरस्त्राण कपाळ व गालांसह कानांनाही आच्छादते. ऑलिंपिकमध्ये ते १९८४ पासून वापरात आले; २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने वरिष्ठ पुरुष गटासाठी ते काढून टाकले व २०१६ च्या रीओ ऑलिंपिकमध्ये पुरुष त्याविना लढले. रग्बीमध्ये मऊ टोपी व वॉटर पोलोमध्ये कानांवर वाट्या बसविलेली टोपी वापरतात. जूदोत मात्र असे आवरण वापरीत नाहीत. यांपैकी कोणतेही साधन मेंदूला बसणारा हादरा थांबवीत नाही, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

खानदेशातील कुस्ती : जळगाव व धुळे जिल्ह्यांत तालमींची परंपरा असून ग्रामदेवतांच्या यात्रांत कुस्त्यांची दंगल भरते. लहान मुलांच्या रेवड्यांवरील कुस्त्यांपासून मोठ्या इनामाच्या कुस्तीपर्यंत तिचा क्रम चढत जातो. महाराष्ट्र केसरी ही स्पर्धा १९६१ मध्ये सुरू झाली. धुळे येथे १९६२ साली झालेल्या स्पर्धेत भगवान मोरे, तर जळगाव येथे १९६६ साली झालेल्या स्पर्धेत दीनानाथ सिंह विजयी झाले. चाळीसगाव तालुक्यातील सायगाव बगळी येथील विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ व २०१६ अशी सलग तीन वर्षे हा किताब मिळवून खानदेशाचे नाव राज्यभर केले.

या परंपरेत कर्णरक्षकाला स्थान मिळालेले नाही. लंगोटाखेरीज अंगावर काही नसावे हा मातीतील कुस्तीचा शिरस्ता आहे. हौदातील तेल-ताक मुरलेली माती घामाबरोबर वाटीत शिरून घासते, ही अडचणही खरी आहे. जळगावचा उन्हाळा ४५° से.च्या पुढे जातो. अशा उष्म्यात डोक्यावरील आवरण नकोसे होते. त्याहून मोठे कारण भावनेचे आहे. मोडलेला कान हा कसलेल्या मेहनतीचा दाखला समजला जातो व तो झाकणे कमीपणाचे वाटते. परंतु कानाची विकृती ही ताकदीची खूण नसून उपचार न झालेल्या इजेची खूण होय. बारा-चौदा वर्षांच्या मुलाला तिची निवड करण्याइतकी समज नसते. म्हणून त्याच्या कानाची जबाबदारी वस्ताद व पालक यांच्यावर येते. महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती व गादी असे दोन विभाग असल्याने आजचा मल्ल गादीवरही सराव करतो. निदान त्या सरावात कर्णरक्षक वापरणे सहज शक्य आहे.

उपचार व निगा : कान अचानक फुगून मऊ व दुखरा लागल्यास कुस्ती त्याच दिवशी थांबवावी आणि वैद्याकडे जावे. निर्जंतुक सुईने किंवा लहानसा छेद घेऊन रक्त काढतात व पोकळी पुन्हा भरू नये म्हणून कानाच्या दोन्ही बाजूंनी दाब देणारी पट्टी बसवितात. हे साधारणतः पहिल्या आठवड्याच्या आत झाल्यास कानाचा आकार टिकण्याची शक्यता अधिक असते. पुढे गाठ घट्ट होते व शस्त्रक्रियेवाचून इलाज राहत नाही. कान चोळणे, शेकणे वा तालमीतच सुईने टोचणे घातक होय. जंतुसंसर्ग कूर्चेत शिरल्यास संपूर्ण कान आकसू शकतो. उपचारानंतर वैद्याच्या संमतीशिवाय हौदात उतरू नये. कर्णरक्षक प्रत्येकाचा स्वतंत्र असावा व सरावानंतर धुऊन वाळवावा. अन्यथा गजकर्णासारखे त्वचारोग एकाकडून दुसऱ्याकडे पसरतात.