नळाला पाणी आलं, त्याचीही नोंद

छत्रपती संभाजीनगरकरांच्या फेसबुक पोस्ट आणि व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस सलग वाचले, तर एक विषय हटकून येतो, तो म्हणजे पाणी. नळ किती दिवसांनी आला, दाब किती होता, हौद भरला की टँकर सांगावा लागला. त्याच्या आगेमागे गुलमंडीवरची खरेदी, गोगाबाबा टेकडीवरची सकाळ, नवरात्रातली कर्णपुऱ्याची यात्रा, मुलीचा निकाल, आजीचं दुखणं. हा सगळा रिकामा उद्योग आहे, असं म्हणून आपण तो झटकून टाकतो. मला ते पटत नाही. ही सामान्य माणसांची रोजनिशी आहे. तिचं मोल ओळखून ती नीट लिहिली पाहिजे आणि नीट जपली पाहिजे.

रोजनिशीला तारीख लागते, ठिकाण लागतं आणि तपशील लागतो. तारीख फोन आपसूक टाकतो, ठिकाण बहुधा फोटोवरून कळतं. तपशील मात्र लिहिणाऱ्यालाच द्यावा लागतो, आणि खरा फरक तिथेच पडतो. 'पुन्हा पाण्याचे हाल' एवढंच लिहिलं तर त्या दिवसाचा वैताग कळतो, बाकी काही नाही. 'आठव्या दिवशी नळ आला, पहाटे चारला. पाऊण तास होता. हौद अर्धाच भरला, वरच्या टाकीत चढवायला उरलंच नाही' असं लिहिलं, तर दहा वर्षांनीही त्या घराची ती पहाट समजते. शहराला पाणी येतं ते पैठणजवळच्या जायकवाडी धरणातून. धरणाचा जलाशय, नाथसागर, तुडुंब भरला तरी नळाला दिवसांचं अंतर राहतं, हे इथलं जुनं दुखणं. २०२० मध्ये भूमिपूजन झालेल्या नव्या पाणी योजनेचा खर्च आणि मुदती सरकारी कागदांत सापडतील. पहाटे मोटार लावायला घरातलं कोण उठलं, पाण्यासाठी कुणाचा रोज बुडाला, हे त्या कागदांत नसेल. २०१८ च्या कचराकोंडीचंही तसंच. कचरा डेपोविरुद्ध नारेगावच्या गावकऱ्यांनी केलेलं आंदोलन वर्तमानपत्रांत आहे. आपल्या गल्लीच्या तोंडाशी ढीग किती दिवस पडून होता, हे रहिवाशांनी त्या वेळी लिहिलं असेल तरच कळेल.

एवढ्या बारीकसारीक गोष्टी पुढे कोण वाचणार, अशी शंका घेतली जाते. तिला उत्तर मराठी इतिहासातच आहे. जेधे शकावली म्हणजे कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यात राहिलेल्या तारीखवार, त्रोटक नोंदी. लोकमान्य टिळकांनी ती उजेडात आणली आणि शिवजन्माची तिथी, फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, ठरवताना तिचाच मोठा आधार झाला. कोणती ओळ पुढे कामाला येईल, हे लिहिणाऱ्याला त्या क्षणी ठाऊक नसतं. म्हणून तारीख आणि तपशील चोख ठेवणं एवढंच त्याच्या हाती असतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लोक पाहणार म्हटल्यावर माणूस सजवून लिहितो; यात्रेतला पाळणा दिसतो, घरातलं भांडण दिसत नाही. हे खरं आहे. पण कुलपात ठेवलेल्या वहीतही माणूस स्वतःची बाजूच मांडतो. उलट इथे शेजारी लगेच खाली लिहितो, 'आमच्याकडे तर पाच वाजता आलं, तेही गढूळ.' खाजगी वहीला अशी दुरुस्ती मिळत नाही. अर्थात आजारपण, भांडणं, लहान मुलांच्या गोष्टी चारचौघांत मांडू नयेत. त्यात दुसऱ्याचंही आयुष्य असतं आणि त्याला विचारल्याशिवाय ते उघडं करण्याचा हक्क आपल्याला नाही. अशा नोंदी फक्त स्वतःला दिसतील अशा ठेवाव्यात. फेसबुकवर ती सोय आहे.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र नमतं घ्यावंच लागतं. ही समाजमाध्यमांवरची वही आपल्या मालकीची नाही. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि गावोगावच्या लोकांनी त्यावर मांडलेलं रोजचं जगणं एका फटक्यात नजरेआड झालं. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस तर चोवीस तासांत पुसलं जातं. यावर उपाय लिहिणं थांबवण्याचा नाही, प्रत ठेवण्याचा आहे. फेसबुक आणि इन्स्टाग्राम दोन्हींवर आपला सगळा मजकूर उतरवून घेता येतो. वर्षातून एकदा तो घरच्या संगणकावर घ्यावा, निवडक नोंदी छापून फायलीत लावाव्यात. स्टेटसला लिहिलेलं महत्त्वाचं वाटलं तर त्याच दिवशी दुसरीकडे उतरवून ठेवावं.

उद्या या शहरात रोज पाणी येऊ लागलं, तर आधीची पिढी कशी जगली हे पुढच्यांना या नोंदींतूनच कळेल. आणि नाहीच आलं, तर दिलेल्या शब्दांचा जाब विचारताना नागरिकांच्या हाती तारखेनिशी पुरावा असेल.