तुमच्या घराच्या चाव्या किती?

नवीन फ्लॅट! ब्रॉडबँडवाल्याला फोन झाला, पार्किंगची जागा बघून झाली, पडद्यांच्या रंगावरून पहिलं भांडणही झालं. आता एक छोटासा प्रश्न. ज्या चावीने तुम्ही दार उघडून आत आलात, तशा अजून किती चाव्या बाहेर फिरतायत? जुने मालक, एजंट, आधीचा भाडेकरू, त्याचा रूममेट, पेंटर, शेजारच्या काकू... बोटं पुरेनात ना?

कुलूप कितीही महागडं घ्या, त्याची खरी ताकद ठरते ती चाव्या किती आणि कुणाकडे, यावर. हा हिशोब लागत नसेल, तर ब्रँडचं नाव काही कामाचं नाही.

आपल्या दारावरचं लॅच बहुतेकदा पिन-टंबलर पद्धतीचं असतं. लायनस येल ज्युनिअर या अमेरिकन माणसाने १८६१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि तत्त्व आजही तेच आहे. सिलिंडरच्या आत स्प्रिंगवर बसलेल्या छोट्या पिना असतात. चावीच्या खाचांमुळे त्या बरोबर एका रेषेत आल्या, की सिलिंडर फिरतो. म्हणजे सगळं गुपित त्या खाचांमध्ये! कोपऱ्यावरचा चावीवाला काही मिनिटांत त्यांची नक्कल करतो. २००८ मध्ये तर सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी नुसत्या फोटोवरूनही चावी बनवता येते, हे दाखवून दिलं. तेव्हा 'न्यू होम' म्हणत चावीचा क्लोज-अप टाकताय? जरा थांबा.

कधी बदलायचं?

● घर नवं, पण दार जुनं : रीसेलचा किंवा भाड्याचा फ्लॅट असेल, तर सामान लावण्याआधी.
● रंगकाम, फर्निचर संपल्यावर : महिनाभर चावी कुणाकुणाच्या खिशात होती, हे कॉन्ट्रॅक्टरलाही सांगता येत नाही.
● पर्स किंवा बॅग हरवली : आत चावी आणि पत्ता असलेलं लायसन्स एकत्र असेल, तर त्याच दिवशी. चावी आठवड्याने परत मिळाली तरीही!
● रूममेट गेला, नातं तुटलं : चावी परत आली, पण तिची डुप्लिकेट झाली होती का, कोण सांगणार?
● चोरी किंवा तसा प्रयत्न झाल्यावर : आधी पोलिस, पंचनामा, मग कुलूपवाला.

डिजिटल लॉकवाल्यांनीही हसू नये. कोड आणि जुने फिंगरप्रिंट तुम्हालाही काढायचेत, आणि इमर्जन्सीची चावी असतेच की!

बदलायचं काय?

अख्खं कुलूप बदलायची गरज दर वेळी नसते. परदेशात त्याच सिलिंडरमध्ये नव्या पिना बसवून नवी चावी देतात. आपल्याकडे सोपं पडतं ते सिलिंडरच बदलणं. मॉर्टिस लॉक असेल तर दाराच्या कडेला एक लांब स्क्रू दिसेल. तो काढून चावी किंचित फिरवली, की सिलिंडर सरकून बाहेर येतो. ६० मिमी, ७० मिमी अशी मापं असतात, म्हणून जुना सिलिंडर दुकानात घेऊनच जा. नाइट लॅचच्या काही मॉडेल्सचा सिलिंडर वेगळा मिळतो, नाहीतर पूर्ण लॅच बदलावं लागतं.

भाड्याने राहताय? मग मालकांना आधी विचारा, होकार मेसेजवर घ्या. जुना सिलिंडर जपून ठेवा आणि घर सोडताना परत बसवून द्या. सगळे खूश!

एक मात्र लक्षात ठेवा. कुलूप बदलणं म्हणजे कुणाला घराबाहेर काढायचा शॉर्टकट नव्हे. अॅग्रीमेंटवर नाव असलेल्या रूममेटला परस्पर बाहेर ठेवता येत नाही. आणि नवरा-बायकोचं कितीही बिनसलं, तरी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने बायकोला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिलाय.

मावशींना काय सांगायचं?

खरी अडचण इथेच होते. खर्च परवडतो, पण 'त्यांना वाईट वाटेल' म्हणून आपण वर्षानुवर्षं टाळत राहतो. खरं तर नीट हिशोब असणं कामाला येणाऱ्या मावशींच्याही फायद्याचं आहे. उद्या काही हरवलं, तर दहा चाव्या बाहेर असलेल्या घरात पहिला संशय कुणावर जातो, हे सांगायला नको. म्हणून सरळ बोला, "मावशी, लॅच बदललंय, ही तुमची नवी चावी." ज्यांच्यावर विश्वास आहे त्यांना चावी हातात द्या. बाकीच्यांच्या चाव्या आपोआप बाद होतात, कुणाकडे मागायचीही गरज नाही.

तर या रविवारी चहा घेता घेता एक कागद घ्या आणि चाव्यांची यादी करा. प्रत्येक चावीपुढे एक नाव. एखाद्या चावीपुढे 'बहुतेक' असं लिहावं लागलं, तर चपला घाला आणि हार्डवेअरचं दुकान गाठा!